वर्षभराचा धीर

बिरवाडीच्या बाजारात कोण कंपनीचा आणि कोण ठेकेदाराचा, हे विचारावं लागत नसे. आमच्या कारखान्यात पिवळा रंग तयार व्हायचा आणि त्यासाठी लागणारी पावडर पिंपातून रिॲक्टरमध्ये ओतायचं काम ठेकेदाराच्या माणसांकडे असायचं. तळवे, नखं, कानामागची कातडी, उशीचा अभ्रा, सगळं पिवळं. मी आंघोळ केली की मोरीतून पिवळं पाणी वाहायचं आणि घरमालकीण ओरडायची. खोलीतली पोरं म्हणायची, "याला बघा, नवरीचा पत्ता नाय नि हळद लावून बसलाय." मीही हसायचो. पुढे मुलगी बघायला गेलो, तेव्हा तिच्या मामाने कप धरलेल्या माझ्या बोटांकडे पाहिलं आणि एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. चहा पिऊन आम्ही निघालो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. खोलीत माझ्यासोबत माझा मित्र राहायचा, लांबच्या नात्यातला. आम्ही महाडला आयटीआयमध्ये एकाच बाकावर बसून फिटरचा कोर्स केलेला. हात माझा बरा होता, हे तोही कबूल करायचा. कंपनीत शिरायचे दोन रस्ते होते. एक, वर्षभर ट्रेनी म्हणून राहायचं. हातात जवळजवळ काही पडत नसे, पण वर्ष पुरं केलं की माणूस कायम होई. दुसरा रस्ता ठेकेदाराचा. त्यात आठवड्याला रोख मिळायचं आणि माणूस आयुष्यभर तिथल्या तिथेच राहायचा.

मित्राच्या वडिलांची डोंगराखाली ओलिताची जमीन होती. ते म्हणाले, "वर्षभर बस. तांदूळ घरचा आहे, खोलीचं मी बघतो." तो ट्रेनी झाला. आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या डोक्यावर. म्हशी हेच आमचं शेत. आई दुधाची किटली घेऊन खाली हायवेवरच्या हॉटेलांत घालायला यायची. उन्हाळ्यात डोंगर सुकला की पेंड विकत आणावी लागे, आणि ती माझ्या मजुरीतून यायची. म्हणून मी पिवळा झालो. यात कुणी कुणाला फसवलं नाही. दोघेही आपापल्या घराप्रमाणे वागलो.

पुढच्या वर्षी एका पंपाची गळती काही केल्या थांबेना. मी तिथे पिंपं ढकलत होतो. राहवलं नाही, पाना मागून घेतला आणि गळती थांबवली. मेंटेनन्सच्या साहेबांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणाले, "नव्या बॅचला ट्रेनी म्हणून ये. पण वर्षभर दांडी चालणार नाही, आधीच सांगतो."

मी वाडीवर गेलो. वडील गोठ्यात शेण काढत होते. मी सगळं सांगितलं, पेंडीचं काय करायचं तेही विचारलं. त्यांनी फावडं भिंतीला लावलं. मग म्हणाले, "एक वरीसच ना? काढू आमी. पेंड नाय तर पाला घालू. तू जा." आई म्हणाली, "ह्यो कायम झाला म्हंजे आपला पांग फिटला रे बाबा." त्या रात्री मला झोप लागली नाही, इतका आनंद झाला होता.

नागपंचमीच्या सुमारास मी वर्कशॉपमध्ये रुजू झालो. दिवाळीपर्यंत तळव्यांचा रंग उतरला. जेवण मित्राच्या तांदळावर चालायचं. तो तोपर्यंत कायम झाला होता. त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण भात वाढून घेताना माझा हात आखडायचा.

शिमगा झाला आणि डोंगर सुकला. पेंड नव्हती. जवळच्या झाडांचा पाला संपला तसे वडील कड्याकडच्या झाडांवर चढू लागले. एक दिवस फांदीसकट खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. वाडीतल्या चौघांनी डोलीत घालून त्यांना रस्त्यापर्यंत उतरवलं. आईने धाडलेला निरोप मला मिळाला तेव्हा ते महाडच्या दवाखान्यात होते आणि आई उशाशी बसली होती. वर म्हशींपाशी धाकटी बहीण एकटी.

साहेबांकडे गेलो. ते वाईट नव्हते. म्हणाले, "आठवडाभर जा." पण आठवड्यात खुबा जुळत नाही आणि म्हशींना रजेवर पाठवता येत नाही. मी महिनाभर वाडीवर राहिलो. धारा काढल्या, दूध उतरवलं, पाला तोडला. मित्र दवाखान्यात येऊन गेला. माझ्या वडिलांचे पाय चेपत बसला, आईला तांदळाची पिशवी देऊन गेला. मी परत आलो तेव्हा बॅचमध्ये माझी जागा उरली नव्हती. वडील पुन्हा कधी डोंगर चढले नाहीत. घरात रोख पैसा पाहिजे होता. मी ठेकेदाराकडे गेलो.

बरीच वर्षं गेली. वडील वारले. मित्र शिफ्ट इनचार्ज झाला. एक दिवस तो नव्या ट्रेनी पोरांना प्लांट दाखवत आमच्याकडे आला. मला पाहून खरोखर खूश झाला, खांद्यावर हात टाकून पोरांना म्हणाला, "हा माझा रूमपार्टनर. माझ्यापेक्षा हुशार होता. दोन-तीन महिनेच राहिले होते रे, पण याने धीर नाही धरला. तुम्ही धरा."

मी म्हणालो, "खरं आहे, साहेब."

एका ताटात जेवलेल्या माणसाला मी पहिल्यांदा साहेब म्हणालो. राग आला होता, पण त्याचं काय करायचं ते कळेना. तो टोमणा मारत असता तर भांडलो असतो. पण तो मनापासून बोलत होता. वडिलांचे पाय त्याने स्वतः चेपले होते, तरी त्याच्या आठवणीत माझा सुटलेला धीर तेवढा उरला होता.

सुट्टीला घरी गेलो तेव्हा जेवताना आईला हे सांगितलं. वाटलं, ती चिडेल, त्याला चार शिव्या देईल. मला तेच हवं होतं. ती भाकरी थापत राहिली आणि म्हणाली, "त्याचं काय चुकलं? तुला कशाला बोलावला आमी? आमालाच धीर धरवला नाय रे."

मी ताट सरकवून उठलो. ती मागून विचारत राहिली, काय झालं, भाकरी कच्ची हाय काय.