सासूबाई पेडल दाबतात

मिस्त्रीचं तोंड कमी चालायचं, हात जास्त. खाली गॅरेज, वर दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत तो आणि त्याच्या सासूबाई, दोघंच. आठ वर्षांपूर्वी त्याची बायको आजारी पडली तेव्हा सासूबाई दोन महिन्यांसाठी म्हणून एक बॅग घेऊन आल्या होत्या. लेक गेली, त्या राहिल्या. जा असं त्यानं कधी म्हटलं नाही, राहा असंही नाही. 'मीठ द्या' आणि 'उद्या गॅस यायचाय' एवढ्यावर दोघांचं भागायचं.

एक दिवस बेकरीवाल्यानं वडिलांचा पाव पोचवायचा जुना ट्रक आणून गॅरेजात उभा केला. "साफ करा, चमकवा, पण मूळचं काही बदलायचं नाही," एवढीच त्याची अट.

मिस्त्रीला ती मनापासून पटली. जुना भाग फेकायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. चार दिवस तो ट्रकखाली पाठीवर पडून होता. पुढून मागे गेलेले ब्रेकचे पाइप त्यानं तारेच्या ब्रशनं घासले, आतून धुऊन हवेनं फुंकले. असे लखलखले की बाहेर येऊनही तो दोनदा वाकून बघून आला.

आता राहिलं ब्रेकमध्ये तेल भरून आतली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकापाशी निपलचा छोटा स्क्रू उघडून हवा सोडायची. एरवी शेजारचा रंगारी यायचा, पण तो मुलीच्या बाळंतपणासाठी गावी गेलेला. मिस्त्री दोन दिवस नुसता वाट बघत बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईच जिना उतरून आल्या.

"काय अडलंय?"

त्यानं सांगितलं.

"एवढंच ना? मी दाबते."

"आई, जड असतं ते. तुम्हाला नाही जमायचं."

"तीस वर्षं कारखान्यात पायानं शिलाई मशीन चालवलंय मी. सरका."

स्टूल लावून, हात धरून त्यानं त्यांना वर चढवलं. मग सुरू झालं. "दाबा!" "दाबलं." "धरून ठेवा... हं, सोडा." तासाभरात चारही चाकं झाली, बुडबुडे थांबले. मिस्त्री हात पुसत उठला. "झालं. उतरा आता."

सासूबाई उतरेनात. "अहो, हे खाली जातंय."

"काय?"

"पेडल. मी जोर वाढवलेला नाही, तरी हळूहळू खाली जातंय."

"तुमचा पाय दमला असेल."

"पाय दमला तर पेडल वर येईल ना? खाली कसं जाईल?"

"दाबून धरा," म्हणत, जरा चिडूनच, मिस्त्री टॉर्च घेऊन पुन्हा ट्रकखाली शिरला. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपावर एक क्लिप होती. तिचा स्क्रू गंजलेला, हात लावला तर तुटला असता, म्हणून साफ करताना तेवढी जागा त्यानं सोडून दिली होती. तिथंच कडेला तेलाचा एक थेंब जमला, फुगला आणि त्याच्या कपाळावर पडला.

ट्रक परवाच बेकरीवाल्याच्या ताब्यात जायचा होता, आणि त्याच्या घरचा रस्ता गॅरेजपासूनच उताराचा. मिस्त्रीनं क्लिप तोडली. खालच्या पाइपाला नख लावलं तर गंजाचा पापुद्रा सुटून आला.

त्यानं लगेच बेकरीवाल्याला फोन लावला. "पाइप बदलावे लागतील. सगळे."

"सगळे कशाला? गळतोय एकच ना?"

"एक दिसला. बाकीचे मी नुसते चमकवलेत."

"आपलं ठरलं होतं, मिस्त्री."

"ठरलं होतं. चूक माझी, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. जुने पाइप बांधून देतो, दुकानात टांगा. पण त्यांच्यावर ट्रक रस्त्यावर जाऊ देणार नाही."

बेकरीवाला फुगून बसला. दोन दिवसांनी स्वतःच आला, उभा कापलेला पाइप हातात घेऊन आतला गंज पाहिला. "वडील याच ट्रकनं मला शाळेत सोडायचे," म्हणाला, आणि मग, "घाला नवे."

जुन्याचं वळण बघून नवा पाइप तसाच वाकवायचा, हे सगळ्यात वेळखाऊ काम. सासूबाई खुर्ची टाकून बसल्या आणि जुना पाइप त्याच्या डोळ्यांसमोर धरू लागल्या. पाइपाचं तोंड फुलवायच्या आधी त्यात नट सरकवायचा असतो, नाहीतर नंतर तो जात नाही. तिसऱ्या पाइपाला मिस्त्री नेमका तेच विसरला.

"नट राहिला," सासूबाई म्हणाल्या.

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

मिस्त्रीला हसू आलं. तोंड कापून तो पुन्हा फुलवायला बसला. सासूबाई म्हणाल्या, "तीही अशीच. बटण लावायला बसली की दोऱ्याला गाठ मारायची विसरायची."

"माझ्या शर्टाची बटणं मीच लावायचो," मिस्त्री म्हणाला. "तिला कळू न देता."

सासूबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आठ वर्षांत तिचा विषय दोघांनी पहिल्यांदा काढला होता. तो मग दुपारभर चालला.

नव्या पाइपांवर सासूबाईंनी घड्याळ लावून दहा मिनिटं पेडल दाबून धरलं. ते केसभरही हललं नाही. बेकरीवाला ट्रक घेऊन गेला. मिस्त्री फाटकात उभा राहून बघत होता. उताराच्या वळणावर ट्रक सरळ रेषेत थांबला, मग पुढे गेला.

पुढच्या आठवड्यात एक शाळेची बस आली. मिस्त्रीनं जिन्याखालून हाक मारली, "आई, येता का जरा?"

"आले," वरून आवाज आला. "चप्पल कुठं गेली ते बघू द्या."