माझा पेपर, त्यांची मान

विश्रांतवाडीच्या बस थांब्यावर रोज सकाळी एक गृहस्थ माझ्या डाव्या हाताला येऊन बसतात. त्यांचं नाव मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. शर्टाला कडक इस्त्री, बुटांना पॉलिश, पण पेपर मात्र माझा वाचायचा! त्यासाठी मान इतकी वाकडी करून आत घुसतात की त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास मला अग्रलेख संपेपर्यंत सोबत करतो. मी पान उलटायला गेलो की "थांबा" म्हणून बोट वर करतात. वर मलाच सांगतात, "आपण फार भरभर वाचता."

परवा मात्र ते खांबासारखे ताठ बसले होते. मान वळवली की कळ येते म्हणाले.

"उशी बदलली, गादी बदलली. डॉक्टर विचारतात, मान एकाच बाजूला वळवून काही करता का? म्हटलं, छे, काही संबंधच नाही!"

मी मनात म्हटलं, सुटलो एकदाचा. ऐसपैस पेपर उघडला.

"अहो," समोर बघतच ते म्हणाले, "उद्यापासून आपण माझ्या डावीकडे बसत चला. तिकडे मान अजून व्यवस्थित वळते."