ऑगस्टमध्येच लाल झालेला मेपल

रेणू दिघे यांनी अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग तपासले. खोट शोधायची सवय इतकी अंगवळणी पडली, की रिटायर झाल्यावर ती त्यांना माणसांतही दिसू लागली.

घराच्या बाजूला त्यांनी मेपल लावला होता. दर ऑक्टोबरमध्ये तो असा लालबुंद व्हायचा, की येणारे-जाणारे गाडी हळू करायचे. अकराव्या वर्षी मात्र ऑगस्टमध्येच त्याची एक बाजू लाल झाली, आणि तीही नेमकी शेजारच्या वॉल्टरच्या कुंपणाकडची. पानांनी छपराची पन्हळ तुंबते, ही वॉल्टरची तक्रार जुनीच होती. त्यात त्यांनी त्याला कुंपणापाशी वाकून कसलासा स्प्रे मारताना पाहिलं.

झालं. रेणूताई पडदा बोटभर उघडा ठेवून पाळत ठेवू लागल्या. तो कधी बाहेर आला, हातात काय होतं, सगळं तारीखवार लिहू लागल्या.

मुलगा प्रसाद फोनवर म्हणाला, "आई, सरळ विचार ना त्याला."

"विचारलं तर सावध होईल तो."

शेवटी पुरावा हवा म्हणून त्यांनी झाडं तपासणारी बाई बोलावली. निघाली इला, इथेच जन्मलेली मराठी मुलगी. तिनं बुंध्याजवळची माती उकरली.

"काकू, पॉइझन नाहीये. हे मूळ बघा, खोडाला आवळून बसलंय. झाड खूप डीप लावलंय, वर दरवर्षी भुशाचा ढीग. कोणी लावलं?"

"माळ्यानं," रेणूताई म्हणाल्या.

"आणि शेजारी मारत होता तो स्प्रे?" त्यांनी विचारलं. इलानं कुंपणाच्या फळीखालचं मेलेल्या गांधीलमाश्यांचं पोळं दाखवलं.

ती छिन्नीनं मूळ तोडू लागली. प्रत्येक घावाला रेणूताईंचं तोंड उतरत गेलं. "मीच लावलं गं," त्या हळूच म्हणाल्या. "भुसाही मीच घालते."

इला गेल्यावर त्यांनी वॉल्टरचं दार वाजवलं. "तू माझं झाड मारतोयस असं मला वाटत होतं."

"किती दिवस?" त्यानं विचारलं.

"तीन आठवडे."

"पडदे सारखे ओढलेले दिसायचे. मला वाटलं, तुझ्या घरी काही वाईट घडलंय," तो म्हणाला. मग बूट चढवून बघायला आला. कापलेल्या मुळाशी दोघं उभे राहिले. तो हसला नाही. जगेल का, एवढंच त्यानं विचारलं.

"दोन वर्षं तरी कळणार नाही म्हणाली," रेणूताई म्हणाल्या.