दुसऱ्या कंपायलरवर अडलेला धनेश

पुनावळ्यातल्या आमच्या सोसायटीत कुजबुज होती, की शेजारच्या धनेशची नोकरी गेली. गेलीबिली नाही. तो घरूनच ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधली, म्हणजे तिच्या गाभ्यातली, अक्षरं मोजणारी फंक्शनं, प्रोग्रॅमचे छोटे तुकडे, तपासतो. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारे दोन कंपायलर आहेत; दोन्हींवर चाचणी पास झाली की सुट्टी घेऊन लातूरला, बायको नि तान्ह्या लेकीकडे. एकावर झाली. दुसरा अतिशहाणा, मोजणी ओळखून तिच्या जागी मोजणाऱ्या तयार फंक्शनलाच बोलावतो, आणि ते तयार फंक्शन म्हणजे हेच; मग ते मोजायचं सोडून स्वतःलाच हाका मारत बसतं. भरलेली बॅग दारातच आहे.

मी चिडवलं, "एकावर चालतंय ना? नीघ की रे. दुसऱ्याला कोण विचारतंय?"

मोबाइलवर लेकीचा फोटो मोठा करत तो म्हणाला, "काकू, तसा गेलो तर तिला मांडीवर घेऊनही लक्ष इथेच राहील. जाईन तर अख्खाच."