पाळण्याच्या कडीला टांगलेला ओळंबा

“काकू, यांना सगळं हलताना दिसायला कधीपासून लागलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“भूकंप झाला त्या रविवारनंतर,” मी म्हटलं.

ठाण्याच्या हॉस्पिटलातली ती छोटी खोली होती. पडद्यावर माझ्या नवऱ्याच्या डोक्याचा एमआरआय लावला होता. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या मशीनमधून काढलेले शरीराच्या आतले फोटो. डॉक्टरांनी डोक्याच्या मागच्या भागात एका पांढऱ्या गोळ्यावर पेनाचं टोक ठेवलं. “ही सेरेबेलममधली गाठ आहे.” सेरेबेलम म्हणजे लहान मेंदू. तोल सांभाळणं, नजर एका जागी ठेवणं ही त्याची कामं. तो बिघडला की डोळ्यांची बुबुळं आपोआप हलत राहतात आणि माणसाला समोरचं जग हलताना दिसतं. त्याला ऑसिलोप्सिया म्हणतात. हा शब्द मी वहीत लिहून घेतला.

“म्हणजे आमचं घर हलत नव्हतं,” मी म्हणाले.

माझी मुलगी मीनल कळव्याहून धावत आली होती. तिने माझा हात दाबला. तिला वाटलं, आईला धक्का बसलाय. पण घर हलत नव्हतं हे मला तीन आठवडे आधीपासून माहीत होतं. ते मी लपवलं होतं. ज्यांच्या घरात कुणाला काही विचित्र व्हायला लागलंय आणि घरचे त्यावर पांघरूण घालतायत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आम्ही डोंबिवलीत मानपाड्याला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. हे बांधकामावर सुपरवायझर होते. गाव कोयनेकडचं, सातारा जिल्ह्यातलं. तिकडे भूकंपाचं कुणाला नवल नाही. यांच्या लहानपणी घराच्या आढ्याला पितळेची घंटा टांगलेली असायची. ती वाजली की सगळे अंगणात. आणि तिकडे एक नियम होता, तो हे नेहमी सांगायचे. जो आधी पळाला, त्याला हसायचं नाही. मग धक्का खरा असो वा नसो.

डोंबिवलीत मात्र भूकंप म्हणजे टीव्हीवर बघायची गोष्ट. आमच्याकडे पाणी तुंबतं, वीज जाते, केमिकलचा वास येतो. जमीन जागेवर असते. त्या रविवारी सकाळी मी पोहे परतत होते आणि फडताळातले डबे कुजबुजल्यासारखे वाजायला लागले. मला वाटलं, खालून डंपर गेला. हे पेपर टाकून उठले आणि म्हणाले, “चल खाली. हालतंय.” घाबरले की यांच्या तोंडी गावचीच भाषा यायची, चाळीस वर्षं डोंबिवलीत काढूनसुद्धा.

जिन्यात सगळी बिल्डिंग उतरत होती. कुणी टॉवेलवर, कुणी दात घासता घासता. शेजारची श्वेता कुकरची शिट्टी हातात घेऊन आली होती. उत्तरेकडे कुठेतरी सौम्य धक्का झाला होता, आमच्याकडे एक भांडंही पडलं नाही. पण त्या दिवशी यांचा भाव वधारला. सगळे यांच्याभोवती उभे, आणि हे सांगतायत की खांबाजवळ थांबू नका, लिफ्ट वापरू नका. सेक्रेटरी देसाई तर म्हणाले, “काका, तुम्ही सांगाल तेव्हाच वर जाऊ.” एवढा मान यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मिळत होता. मी मनात म्हटलं, आता आठवडाभर काही खरं नाही.

त्याच दुपारी यांनी ट्रंकेतून आपला जुना पितळी ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ उभी आहे की नाही ते गवंडी त्याने बघतात. हॉलच्या छताला मीनलच्या पाळण्याची कडी होती. तिला यांनी तो टांगला. “माणूस फसेल, हा फसणार नाही,” म्हणाले.

चार दिवसांनी दुपारच्या जेवणावरून हे ताडकन उठले. “हालतंय.” मला काहीच जाणवलं नव्हतं. पण कोयनेचा माणूस म्हणतोय म्हटल्यावर मी कोण बोलणार? यांनी बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकला, अर्धी बिल्डिंग खाली आली. बातम्यांत काही नव्हतं. “बारका हाय, मशीनलाच कळतो असा,” हे म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग दोन दिवसांनी पुन्हा. मग रोजच. खाली येणारी माणसं कमी होत गेली. एका संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, “आज काकांचा भूकंप किती वाजता?” खाली हसरे चेहरे, दहा-बारा. यांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि फोन उलटा ठेवला. मला त्या हसऱ्या चेहऱ्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. आधी पळणाऱ्याला हसत नाहीत, एवढं या शिकलेल्या लोकांना कळू नये?

दुसऱ्या दिवशी सकाळी हे भिंतीला हात लावून उभे राहिले. “हालतंय गं.” मी ओळंब्याकडे पाहिलं. दोरी ताठ होती आणि तो जागच्या जागी लटकत होता. हे चपला शोधायला वळले. तेवढ्यात मी पुढे झाले आणि एका बोटाने ओळंब्याला ढकललं.

हे वळले, त्यांनी पाहिलं. “बघ!” केवढा आनंद झाला त्यांना. त्यांनी त्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत देसाई धावत वर आले, “सॉरी काका” म्हणाले. बिल्डिंग तपासायला इंजिनियर बोलवायचं ठरलं. मी सगळ्यांना चहा केला. मला बरं वाटत होतं. नवऱ्याची लाज राखली, असंच तेव्हा वाटलं.

त्यानंतर मी ते आणखी तीनदा केलं.

आता मागे वळून बघते तर सगळी लक्षणं डोळ्यांसमोर होती. सकाळी उठल्या उठल्या उलटी व्हायची. मी पित्त म्हणून आवळ्याचं सरबत देत होते. डोक्याची मागची बाजू ठणकायची; मी बाम चोळत होते. बशीतला चहा सांडायला लागला. बोटीवर चालल्यासारखे हे पाय फाकवून चालायचे. “झोप नाही ना पुरेशी,” मी म्हणायचे. कारण काय, तर घर हलतंय. घर हलतंय हे सिद्ध कुणी केलं, तर मी.

शेवटी मीनलच म्हणाली, “बाबांना आत्याकडे ने थोडे दिवस. वर बिल्डिंगच नसेल तर भीती तरी जाईल.” यांची बहीण खडवलीला राहते. बैठं घर, मागे मोकळं रान. तिथे पोचलो त्या दिवशी वन्संनी आंब्याखाली बाज टाकली. हे त्यावर बसले. ना भिंत, ना छत, ना ओळंबा. समोर एक म्हैस निवांत रवंथ करत होती.

आणि हे बाजेची कड घट्ट धरून म्हणाले, “हालतंय.”

म्हैस तशीच उभी होती. झाडाचं पान हलत नव्हतं. मी यांच्यासमोर उकिडवी बसले आणि गेल्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. बुबुळं खाली झटका खाऊन पुन्हा वर येत होती. एकसारखी. मला रडूच फुटलं. वन्संना वाटलं, मीही घाबरले भूकंपाला.

पुढचे दिवस वहीत आहेत. दुसऱ्या दिवशी कल्याणला न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांचे डॉक्टर. त्यांनी नाकाला बोट लावायला सांगितलं, यांचं बोट गालावर गेलं. तिसऱ्या दिवशी ठाण्याला एमआरआय आणि ॲडमिट. चौथ्या दिवशी छातीचा सीटी स्कॅन. त्यात फुप्फुसातही गाठ दिसली. मूळ ती, आणि डोक्यातली तिची शाखा. याला मेटास्टॅसिस म्हणतात, म्हणजे कॅन्सर मूळ जागेहून दुसरीकडे पसरणं. सुपरवायझर असताना वीस वर्षं ओढलेल्या बिड्या यांनी केव्हाच सोडल्या होत्या. बिड्यांनी यांना सोडलं नव्हतं.

सहाव्या दिवशी डोक्याचं ऑपरेशन झालं. बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी साडेपाच तास बसले. समोरच्या भिंतीवर एक चौकट लावली होती, ती किंचित तिरकी होती. हे असते तर उठून सरळ केली असती.

ऑपरेशननंतर हलणं कमी झालं, पण थांबलं नाही. एका डोळ्यावर पट्टी बांधली होती. मधूनच हे पलंगाची कड धरून ओरडायचे. मी समजावायचे, “अहो, काही हलत नाहीये, तुमचे डोळे हलतायत.” मीनल मोबाइलवर मेंदूचं चित्र दाखवायची. यांच्या चेहऱ्यावरची भीती काही जायची नाही. वॉर्डात एक मावशी होत्या, कळव्याच्या जुन्या गावातल्या, साफसफाई करणाऱ्या. त्या लादी पुसायचं सोडून आल्या, पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि म्हणाल्या, “धरलाय बगा बाबा. आता नाय हलाचा.” हे शांत झाले. मावशी मिनिटभर तशाच उभ्या राहिल्या आणि पुन्हा पुसायला लागल्या. पुढे त्या रोज असं करायच्या, कुणी न सांगता. त्यांचे उपकार मी कशाने फेडू?

त्या दिवसापासून मीही समजावणं सोडलं. हलतंय म्हणाले की कड धरायची.

ऑपरेशननंतरच्या आठव्या दिवशी दुपारी मी यांना मोसंबी सोलून देत होते. आणि तोंडातून निघूनच गेलं. “अहो, तो ओळंबा मी हलवत होते. बोटाने. चार वेळा.”

हे एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हाईत होतं मला.”

“कसं?”

“धक्का असला की वळंबा आधी थरथरतो. तुझा पाळण्यावानी झुलत होता. आन् खरा भूकंप असता, तर तू त्याच्याकडं बघितलं असतंस. तू माझ्याकडं बघत होतीस.”

“मग बोलला का नाहीत? त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो!”

मला राग आला होता, खरंच. हॉस्पिटलात, डोक्याला टाके घातलेल्या माणसावर.

त्यांनी फोड खाल्ली, बी हातावर काढली. “भूकंप सगळ्यांचा असतो गं. सगळी बिल्डिंग खाली येती. हे निघालं असतं माझं एकट्याचं.”

मी पलंगाची कड धरली आणि बसून राहिले.

डिस्चार्जच्या दिवशी मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि विचारलं, तीन आठवडे आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, “काकू, फुप्फुसातला आजार जुना आहे. फार फरक पडला नसता.” हे खरं म्हणून सांगितलं की माझ्यासाठी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. फार नाही, म्हणजे थोडा पडला असता का? हा प्रश्न माझ्यासोबतच राहणार आहे.

रेडिएशन झालं. म्हणजे किरणांनी गाठीचे उरलेले कण जाळणं. त्यानंतर दोन महिने चांगले गेले. हे काठी घेऊन खाली जायचे, देसाई खुर्ची आणून द्यायचे. ग्रुपवर हसणाऱ्यांपैकी चौघांनी ऑपरेशनच्या वेळी रक्त दिलं होतं. त्यांच्यावरचा माझा राग तेव्हाच गेला. मग खोकला वाढला, जेवण तुटलं. निदानानंतर सात महिन्यांनी हे गेले. घरीच, सकाळी, हॉलमध्ये. मी पलंगाची कड धरून बसले होते.

तुमच्या घरात कुणी म्हणालं की हलतंय, दिसत नाही, मुंग्या येतात, तर त्याला हसू नका. पण त्याची बाजू राखायला खोटा पुरावाही उभा करू नका. मी ते प्रेमाने केलं. प्रेमाने केलेली चूक कमी चूक असते, असं मला वाटत नाही. त्याच्यासमोर बसा, डोळ्यांत बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आजार निघाला तर तो त्याचा एकट्याचा आहे असं त्याला वाटू देऊ नका. आम्ही नेमके तिथे कमी पडलो.

ओळंबा मी काढला नाही. मीनल म्हणते, काढ आई, येता-जाता डोक्याला लागतो. लागू दे.

गेल्या महिन्यात सकाळी मी एकटीच पेपर वाचत होते. फडताळातले डबे वाजले. मान वर केली. ओळंबा थरथरला, अगदी यांनी सांगितलं होतं तसा, आणि मग हळूहळू झुलू लागला. जिन्यात पावलं धडधडली. मी गॅलरीत गेले. खाली माणसं जमली होती, आणि सवयीने सगळे आमच्या तिसऱ्या मजल्याकडे बघत होते. काका काय म्हणतात, याची वाट बघत. मग एकेकाच्या लक्षात आलं आणि माना खाली गेल्या.

श्वेताने तेवढं धीर करून खालून विचारलं, “काकू, खरंच हललं का हो?”

“हो,” मी म्हणाले, “या वेळी खरंच हललं. मी हात लावला नाही.”