सात जणींची जीप

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आणि मी न सांगणारा माणूस नव्हे, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल. सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरी असो नाही तर कोणाच्या बारशाचा मांडव — दोन माणसं जमली की मी तिसरा, आणि मी आलो की गोष्ट सुरू. पोशादादाच्या जीपची गोष्ट तर इतक्यांदा सांगितली आहे की माझ्या बायकोला तिच्यातल्या सगळ्या जागा पाठ आहेत. दादानं शोरूममध्ये रंग निवडायला खिशातून आंब्याचं पान काढलं, की ती चहा टाकायला उठते. त्यानं बॉनेटला कान लावला, की कप मांडते. लोक हसतात. मीही हसतो. आणि दर वेळी एका ठिकाणी आणून मी गोष्ट संपवतो.

ती तिथं संपत नाही.

आज पुढची सांगतो. पण मला सरळ जाता येत नाही, थोडं वळसा घालून येऊ द्या. पळून जात नाहीये — म्हणजे, आज तरी नाही.

वाशी तेव्हा नुसती वसू लागली होती. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि तळवलीत पोशादादा पाटलाच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. डोळ्यांवर चष्मा आणि खिशाला पेन, एवढ्यावर गावानं मला ‘मास्तर’ करून टाकलं होतं. मी मास्तर नाही, असं मी कोणाला सांगितलं का? छे! फुकट मिळालेली पदवी कोण परत करतो?

पोशादादा साठीला आलेला. काळा, उंच, शिसवीच्या खांबासारखा. त्याच्या भातखाचरांवर नवं शहर उभं राहणार होतं. जमिनी गेल्या आणि गावात पैसा आला तेव्हा कोणी माडी चढवली, कोणी बायकोच्या अंगावर सोनं घातलं. दादा महिनाभर ओट्यावर विड्या ओढत बसला आणि एक दिवस म्हणाला, “मास्तर, गारी घ्यायची. नवीन. जीप.”

“तुम्हाला कशाला जीप, दादा?”

“मना नाय. तिला.”

ती म्हणजे त्याची बायको, ठकूकाकी. काकी धवलारीण होती. आगरी लग्नात बामणाचे मंत्र असोत नसोत, धवलारिणीच्या गाण्यावाचून हळद लागत नाही. काकी ओळ उचलायची आणि तिच्या मागच्या सहा जणी ती झेलायच्या. नवऱ्याच्या आजोळची, नवरीच्या मामाची, सगळ्यांची नावं ती गाता गाता ओवायची, आणि तिच्या गाण्यात नाव आलं की मिशाळ पुरुषसुद्धा पदर असता तर तोंडाला लावला असता असे लाजायचे. मी पुण्यातली मोठमोठी गाणी ऐकली आहेत. पण त्या बाईचा पहिला सूर लागला की मांडवातली भांडी घासणारी माणसं हात थांबवायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या सात जणी गावोगाव चालत जायच्या. लग्नसराईत एसटीत एकटीला उभं राहायची मारामार, सात जणी कुठं मावणार? आणि काकीचे गुडघे कुरकुरायला लागले होते. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. दादानं तिच्या चालण्याच्या आवाजावरून ओळखलं होतं.

तर आम्ही मुंबईला शोरूममध्ये गेलो. दादा लग्नाला जावं तसा नटला होता. लाल टोपी, पांढराशुभ्र सदरा, पायांत करकरणाऱ्या नव्या वहाणा. आणि तिथं मला पहिल्यांदा कळलं की जीप म्हणजे दुकानात जाऊन उचलून आणायची वस्तू नाही. ती आधी कागदावर घडवायची असते. इंग्रजी फॉर्म, त्यावर चौकटी. इंजिन कुठलं, टप कुठला, रंग, हॉर्न, मागची बैठक. पसंत असेल तिथं बरोबरची खूण करायची, सही करायची आणि महिनोन् महिने नंबर लागायची वाट बघायची. काउंटरवर कर्णिक नावाचे म्हातारे गृहस्थ होते. निवृत्तीला आलेले, अतिशय नीटस. त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला, कारण पेन माझ्या खिशाला होतं.

मी एकेक प्रश्न वाचायचा आणि दादानं उत्तर द्यायचं. काय त्याची उत्तरं!

“दादा, पेट्रोल की डिझेल? डिझेल स्वस्तात पडेल.”

“कनचा कमी बोंबलतो?”

“पेट्रोल.”

“मग पेट्रोल. बायका गातील का इंजान गाईल?”

टप पत्र्याचा की कापडी? कापडी. गाणं चाललंय ते रस्त्यानं लोकांना ऐकू यायला नको? हॉर्न? सगळ्यांत बारका. रंगांचा तक्ता समोर आला तेव्हा दादानं खिशातून ते आंब्याचं पान काढलं आणि हिरव्या रंगावर ठेवलं. “कर्णिकसाहेब, ह्ये तुमचा पान झाडावरून पडून आठ दिस झालं.” कर्णिक इतके हसले की त्यांनी चष्मा काढून पुसला. आत जाऊन दुसरा तक्ता आणला आणि त्यात ते पान सापडलं. काकी धवले गायला जाताना नेसायची त्या लुगड्याचा रंग होता तो. त्या माणसानं अख्खी गाडी एका बाईच्या गळ्याभोवती बेतली होती, आणि मी शेजारी बसून नुसत्या खुणा करत होतो!

राहिली मागची बैठक. प्रकार दोन. एक — दोन्ही बाजूंना लांब बाक, समोरासमोर. दुसरा — पुढं तोंड करून एकच गादीची सीट, तीन माणसांची.

“बाक,” दादा म्हणाला. “सात जनी मावल्या पायजेत. आन येकमेकींची तोंडा दिसली पायजेत.” एवढं सांगून तो उठला आणि शोरूममधल्या जीपच्या बॉनेटला कान लावायला गेला. बंद इंजिनाला! “निजलंय,” असं तिथून मला ओरडून सांगितलं.

इथंच मी गोष्ट संपवतो. लोक हसतात, चहा येतो.

आता पुढचं.

शोरूममधल्या त्या जीपला गादीची सीट होती. तपकिरी लाल रेक्झिन, कडेनं पांढरी शिवण, बसलं की सुस्कारा सोडून आत घेणारी. मघाशी मी तिच्यावर बसून पाहिलं होतं. आणि दादानं आदल्याच दिवशी म्हटलं होतं, “गारी आली की मास्तर, रोज सकाली तुला कंपनीच्या दारात सोरीन.” मी तेव्हा पस्तिशीचा होतो. रोज सायकलनं जायचो, धुळीनं भरून. मी डोळे मिटले आणि काय पाहिलं? कारखान्याचं गेट, सलाम ठोकणारा वॉचमन, आणि हिरव्या जीपमध्ये मागच्या गादीवर रेलून बसलेला मी. लाकडी बाकावर आडवा बसून, गुडघे वाजवत येणारा मी नव्हे.

फॉर्म माझ्या मांडीवर होता. मी गादीच्या चौकटीत खूण केली.

चुकून? नाही. घाईत? नाही. ते पेन नवं होतं, शाई नीट उतरली नाही — म्हणून मी ती खूण पुन्हा गिरवली. दादानं खाली मराठीत सही केली, एकेक अक्षर जोखून. त्यानं माझ्याकडे बघून विचारलंसुद्धा नाही.

सात महिन्यांनी जीप आली. आम्ही आणायला गेलो, तळवलीत वेशीवर बेंजो पार्टी उभी करून. दादा मागं गेला, कापडी पडदा वर केला, आणि थांबला.

“बाक कुठं हायत?”

कर्णिकांनी फाइल उघडली. “पाटील, तुम्ही मागितली तशीच—” आणि मी मध्येच बोललो. मोठ्यानं, ठासून, मास्तरासारखा. “यांच्याकडून चूक झालीय, दादा. मी बाकच सांगितले होते. यांनी पुढं कळवताना घोळ घातला.”

फॉर्म कर्णिकांच्या हातात होता. त्यावर माझी दोनदा गिरवलेली खूण होती. त्यांनी ती पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो. त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, “हो. माझ्याकडूनच झालं असेल. परत पाठवतो, दोन-तीन महिने लागतील. नाही तर कुठलाही मिस्त्री—”

“वाजप उभा हाय वेशीवर,” दादा म्हणाला. “रिकाम्या हातानं कसा जाव?” मग त्यानं कर्णिकांच्या खांद्यावर हात ठेवला. “असूदे साहेब. वय झालं का चुकतं मानूस. पेढा घ्या.” कर्णिकांनी पेढा घेतला. त्या नीटस माणसानं माझी चूक पेढ्याबरोबर गिळली आणि तोंडही वाकडं केलं नाही. का, हे मला कधी कळलं नाही. मी परत त्या शोरूमकडे फिरकलो नाही.

वाटेत दादा म्हणाला, “त्यो मिस्त्रीचा काय बोलत होता? सीट कारून बाक लावता येतील?” मी म्हणालो — बघा, एक खोटं एकटं कधी राहत नाही — मी म्हणालो, “बोल्टला हात लावलात तर कंपनीची गॅरंटी जाईल. सगळी.” गॅरंटी हा शब्द दादाला देवाच्या आणभाकेसारखा वाटला. त्यानं मिस्त्रीचा विषय सोडून दिला.

गावानं जीप ओवाळली. काकीनं तिच्या नाकाला हळदकुंकू लावलं, आत डोकावली, बोटं मोजली आणि पडदा खाली सोडला.

“तीन जनी मागं, येक माझ्या बाजूला,” दादा म्हणाला. “दोन खेपा मारीन.”

“आन धवला? अर्धा आधी, अर्धा मागनं?” काकी हसली. “सात जनी हाव, सात जनी जाव.”

आणि त्या चालत गेल्या. तिच्यासाठी घेतलेल्या जीपमधून रोज सकाळी मी जात होतो. वॉचमननं सलामही केला, अगदी मनात होता तसा! लग्नसराईत कधी रस्त्याच्या कडेनं ती सात हिरवी लुगडी दिसायची. दादा गाडी हळू करायचा. काकी हात वर करून ओरडायची, “बसा मास्तर, बसा! गादी गरम ठेवा आमच्यासाठी!” सगळ्या जणी खिदळायच्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या वर्षी सारसोळ्याला तिच्या भाचीचं लग्न निघालं. गुडघे तोवर बसले होते. दादानं हात जोडून सांगितलं, तू एकटी तरी गाडीत चल. ती म्हणाली, “सा जनी रस्त्यानं आन मी गारीत? मी काय नवरी हाव?” ती ओट्यावर राहिली. सहा जणी गेल्या. दादा आणि मी जीपनं गेलो. मांडवात ओळ कोणी उचलायची यावरच त्या सहा जणी अडखळत होत्या. भाची दाराकडे बघत होती. मी जेवलो. दोन वाट्या खीर घेतली, हेही सांगतो, कारण ते आठवतं.

काकी पुढच्या भादव्यात गेली. त्या गाडीत ती एकदाही बसली नाही.

नंतर कधीतरी सीटचा बोल्ट ढिला झाला म्हणून दादानं मिस्त्री बोलावला. तोवर मी वाशीला फ्लॅट घेतला होता. दादा मुद्दाम मला भेटायला आला, दारातूनच हसत. “मास्तर! गॅरंटी नुसती इंजानची व्हती, ती पन सा महिने! बाक येका दुपारचा काम. तुना पन फसवला रे त्यांनी!”

तुना पन. मी काय केलं असेल? मीही हसलो. म्हणालो, “काय लोक असतात!”

दादा अजून आहे. कागद आला की वाचायला अजून मलाच बोलावतो. घरातल्या पोरांना म्हणतो, मास्तर हाय म्हणून आपल्याला कोन फसवू शकला नाय.

गेल्या वैशाखात त्याच्या पुतण्याची हळद होती. जीप दारात उभी, रंग अजून ताज्या पानाचा, आणि आत सागवानी बाक, समोरासमोर. सहा जणी बसल्या होत्या, तीन इकडे, तीन तिकडे. इकडच्या बाकावर पुढच्या टोकाला एक जागा मोकळी. तिथं त्या कोणाला बसू देत नाहीत. सहा जणींनी ओळ तिथूनच कोणी उचलल्यासारखी, त्या जागेकडे बघत सुरू केली.

दादानं मला हाताला धरून गाडीशी नेलं. “सरा गं. मास्तर बसंल तिथं. त्याच्याशिवाय ही गारी आलीच नसती.”

सहाही जणी माझ्याकडे बघून हसल्या आणि लुगडी आवरून घेतली.

मी बसलो.