मूठभर गोडंबी

निघताना मी एक साडी कमी घेतली, पण सुकामेव्याचा डबा विसरले नाही. सात कप्प्यांचा डबा आहे माझा. बदाम, अक्रोड, पिस्ते, काजू, शेंगदाणे, मनुका आणि भोपळ्याच्या बिया. चार वर्षांपूर्वी साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज मूठभर खायला सांगितलं. मला गुण आला, आणि मग काय, जिन्यात भेटेल त्याला मी तेच सांगत सुटले. सांगलीच्या आमच्या सोसायटीत मला पाठीमागे ‘बदामबाई’ म्हणतात. म्हणोत बापडे!

माझी भाची वैदेही गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढे, जंगलातल्या एका आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. “मावशी, एकदा ये तरी,” असं ती दोन वर्षं म्हणत होती. शेवटी फाल्गुनात गेले. चंद्रपूरला रेल्वेतून उतरले तर सकाळी नऊलाच ऊन डोळ्यांत घुसत होतं. पुढे एसटी. मूल गेलं, सावली गेलं, वैनगंगेचा पूल आला. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना मी एक अक्रोड दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. “मेंदूवानी दिसते जी हे,” म्हणाल्या आणि पदराच्या टोकाला बांधून ठेवला. “सुनेले दाखवतो. नाईतर तिले खरं नाई वाटाचं.”

गडचिरोलीहून दुसरी एसटी आणि धानोऱ्याहून वैदेहीची स्कूटर. दोन्ही बाजूंना पळस नुसता पेटला होता. मी मागे बसून डबा पोटाशी धरला होता, कारण रस्ता कसला, खड्ड्यांची माळ होती ती.

दुसऱ्या दिवशी वैदेही मला शेजारच्या गावात शेवंताबाईंकडे घेऊन गेली. त्यांची लेक सुनीता पहिलटकरीण, नववा महिना लागलेला, अंगात रक्त कमी. आणखी दोन दिवसांनी ती माहेरघरात जायची होती. (लांबच्या गावांतल्या बायकांना बाळंतपणाआधी राहायला दवाखान्याजवळ केलेली सोय.) वैदेहीनं तिला तपासलं आणि मला तिथंच बसवून ती पुढच्या घरांकडे गेली.

शेवंताबाईंनी मला अंगणाबाहेरचं चाराचं झाड दाखवलं. फांद्यांवर वाटाण्याएवढी हिरवी फळं. “याच्या बीतून चारोळी निंगते,” त्या म्हणाल्या. मी थक्क झाले. साठ वर्षं बासुंदीवर चारोळी टाकत आले, पण ती झाडाला लागते की वेलीला, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता! आणि मी म्हणे सुकामेव्यातली जाणकार.

मग त्यांनी आतून एक पितळी वाटी आणली. वाटीत पांढरट, चपट्या, लहान बिया. “हे गोडंबी. बिब्ब्यातली.”

बिब्बा म्हटल्यावर मी दचकलेच. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की माणूस उततो, फोड येतात, हे आईकडून ऐकलेलं. “हे खातात?”

“आतला गर हाये जी. त्याले काई नाई होत. खाऊन तं पाहा.”

एक खाल्ली. अहाहा! बदामाहून गोड, खोबऱ्याहून मऊ. दुसरी खाल्ली. मग माझं तोंड दोन्ही कामांना लागलं. समोर नववा महिना लागलेली पोर बसलेली, म्हणजे मला तर रानच मोकळं. “सुनीता, तुझ्यासारखीनं रोज मूठभर सुकामेवा खायलाच हवा. रोज! कंटाळा करायचा नाही.” ती मान डोलावत होती. मी बोलत होते, खात होते. वाटी रिकामी झाली तेव्हा मी, लाज वाटते लिहायला, विचारलं, “आणखी आहे का हो?”

“संपली जी,” शेवंताबाई हसून म्हणाल्या आणि वाटी आत घेऊन गेल्या.

संध्याकाळी कळलं की माझा चष्मा तिथंच राहिलाय. सकाळी एकटीच चालत गेले. पुढं कुणी नव्हतं. मागच्या सांदवाडीतून (परसातून) टक टक आवाज येत होता, म्हणून तिकडं वळले.

शेवंताबाई एका दगडापुढं बसल्या होत्या. तोंडाला फडकं, दोन्ही हातांना राख फासलेली. बाजूला काळ्या बिब्ब्यांचा ढीग. राखेच्या वर, काल पदराखाली झाकलेली, मनगटापासून कोपरापर्यंत कातडी काळी पडून सोलवटलेली आणि तिच्यावर ताजे फोड. एक डोळा सुजून बंद झालेला.

“अगं बाई! हे काय झालं?”

“काई नाई जी. उतलं थोडंसं.”

“मग कशाला फोडताय?”

त्यांनी पुढचा बिब्बा दगडावर धरला. दारातून सुनीताच बोलली. “लाडवाले पाह्यजे ना, मावशी. आईनं माह्या बाळंतपनाचे लाडू कराले ठेवली होती ते गोडंबी. पंधरा दिवस फोडून राह्यली होती थे.”

“चूप बस वं!” शेवंताबाई ओरडल्या.

पंधरा दिवस! ते मी गप्पा मारता मारता संपवले होते, तेही ज्या पोरीचे होते तिलाच उपदेश करत. “अहो, मग मला थांबवलं का नाही?”

“पाहुनीच्या म्होरून वाटी कशी उचलाव जी? मले वाटलं, दोन-चार खासान.”

मी धावत केंद्रावर गेले आणि सात कप्प्यांचा डबा आणून त्यांच्यापुढं ठेवला. शेवंताबाईंनी बदाम हातात न घेता नुसते पाहिले. “हे बी टाकीन लाडवात. पन गोडंबी पाह्यजेच. माह्या आईनं मले देल्ली, मी हिले देईन.” आणि पुन्हा टक टक.

मग मीही राख फासून बसले. बिब्बा दगडावर उभा धरायचा, वरून बेतानं ठोका द्यायचा. जोरात बसला तर गराचा चुरा. टरफलातलं काळं तेल गराला लागलं तर तोही फेकायचा. आधीचे नऊ मी वाया घालवले. शेवंताबाई म्हणाल्या, “बाई, तुमी नका करू. उतसान.” मी ऐकते होय! दुपारपर्यंत माझ्या नावावर एकोणीस अख्ख्या गोडंब्या जमल्या. तळहातावर ठेवून पाहिल्या. मूठ तर सोडाच, चमचाही भरला नाही.

वैदेहीनं मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी उजवा हात भोपळ्यासारखा सुजला आणि ओठ असे झाले की बोलायची सोय राहिली नाही. सोसायटीला केवढा आनंद झाला असता! तशाच तोंडानं मी सुनीताला निरोप द्यायला गेले. तिच्या पिशवीत लाडवांचा डबा होता. सगळे मिळून अकरा लाडू. शेवंताबाईही तिच्यासोबत राहायला निघाल्या होत्या, त्यांचा दुसरा डोळाही आता मिटत आला होता.

परत येताना एसटीत मी कुणाला काही वाटलं नाही, वाटायला काही नव्हतंच. सांगलीत नवा डबा भरला. मूठभर सुकामेवा मी अजून खाते, डॉक्टरांचं काही चुकलेलं नाही. पण एक एक दाणा उचलते आणि हा कुणी फोडला असेल, असं मनात येऊन हात थांबतो. जिन्यातले उपदेश बंद झालेत. लोक घरी येऊन तब्येत विचारून जातात.

आठव्या दिवशी वैदेहीचा फोन आला. सुनीताला मुलगी झाली, दोघी ठणठणीत. मग तिनं फोन सुनीताकडे दिला.

“मावशी, रोज मूठभर खा म्हनलं होतं ना तुमी? पन आई रोज एकच लाडू देते. तुमीच सांगा न तिले!”

“आई देईल तेवढंच खा गं बाई,” मी म्हटलं. “आईचे हात कसे आहेत?”

“कुठी बरे होते जी. काल गावाले गेल्ती, तं पुन्हा फोडाले बसली.”

“आता कशाला?”

“तुमच्यासाठी. तुमाले लय आवडली म्हने. टपालानं पाठवनार हाये.”

“नको!” मी ओरडलेच. “सुनीता, तिला सांग, नको म्हणावं!” पण तोवर फोन कट झाला होता. पुन्हा लावला, लागला नाही.

आता रोज दुपारी खाली पोस्टमनची सायकल वाजली की मी जिन्यात येऊन त्याच्या हातात पुडकं नाही ना, ते बघते.